पाय मोडलेला ‘ज’

चित्रपट संपतो, थिएटरात दिवे लागतात आणि पडद्यावर नावे वर सरकू लागतात. तोवर बहुतेकांचे पाय चपला शोधत असतात. कुणी दाराकडे निघालेले असते, कुणी पेंगुळलेल्या मुलाला खांद्यावर घेत असते. त्या गडबडीत एखादे कुटुंब मात्र खुर्चीला खिळून बसलेले दिसते. त्यांच्यापैकी कुणाचे तरी नाव यायचे असते. ते येते, एक बोट वर होते, ‘ते बघ, ते बघ!’ आणि पुढच्या क्षणी नाव वर निघूनही जाते.

ती नावे पडद्यावर आणणे हा माझा व्यवसाय आहे.

एके काळी हे काम हाताने चाले. मूकपटांच्या दिवसांत पाट्या रंगवून त्यांचेच चित्रण करीत. पुढे नाटक-चित्रपटांच्या शीर्षकांना अक्षरकारांनी स्वतंत्र चेहरे दिले. कमल शेडगे २०२० साली गेले; पण नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरे जुन्या वाचकांच्या डोळ्यांपुढे आजही उभी असतील. त्या परंपरेत स्वतःला बसवण्याचे धाडस मी करणार नाही. माझ्या हातात कुंचला नाही. मी संगणकापुढे बसते.

माझे सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स. १९९३ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका लहानशा कंपनीने ते आणले आणि पुढच्याच वर्षी ते अ‍ॅडोबीकडे आले. त्याची कल्पना साधी आहे. पारदर्शक कागदांची एक चळत डोळ्यांपुढे आणा. एका कागदावर चित्र, दुसऱ्यावर सावली, तिसऱ्यावर नाव. या कागदांना आम्ही लेयर म्हणतो. प्रत्येक लेयर हलवता येतो, विरवता येतो, रंगवता येतो. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत असे शेकडो लेयर असतात आणि एकेकाचा ठसा, आकार, रंग ठरवावा लागतो.

गेल्या वर्षी एका छोट्या मराठी चित्रपटाचे काम माझ्याकडे आले. नावे ३४०. सगळी लागली, वेळेत बसली. शनिवारी सकाळी कलाकार-तंत्रज्ञ आणि त्यांच्या घरच्यांसाठी खास खेळ होता. गुरुवारी संध्याकाळी दिग्दर्शकांचा फोन आला. ‘ताई, नावं जरा जाड ठशात करू या. आणि प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर कुंकवाच्या रंगाचं. छान दिसेल.’

छान दिसणार यात शंका नव्हती. पण हाताने करायचे तर एका नावाला दोन मिनिटे धरली, तरी ३४० नावांना अकरा तासांहून अधिक वेळ लागणार. अशा वेळी आमच्या मदतीला येते ती स्क्रिप्ट.

चित्रपटवाल्यांची स्क्रिप्ट म्हणजे पटकथा. ही स्क्रिप्ट वेगळी. संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांची ती यादी असते. आपण गावाला जाताना घरात राहणाऱ्यासाठी चिठ्ठी ठेवतो ना, ‘कुंड्यांना पाणी घाल, दूध तापव, मागचे दार लाव’, तशी. ‘सगळे लेयर एकेक करून बघ. त्यावर अक्षरे असतील तर ठसा बदल, आकार अमुक ठेव, पहिल्या अक्षराला कुंकवाचा रंग दे, पुढे जा.’ आफ्टर इफेक्ट्समध्ये ही सोय २००३ साली आली. तिची एक बहीण आहे, एक्स्प्रेशन. स्क्रिप्ट एकदा काम करून निघून जाते. एक्स्प्रेशन लेयरवर ठाण मांडून बसते आणि एका ठिकाणी रंग बदलला की बाकीच्यांचाही बदलत राहते. पुढे ठसा, आकार आणि रंग एक्स्प्रेशनच्याही ताब्यात आले. एकाच ओळीतल्या हव्या तेवढ्याच अक्षरांचे रूप बदलण्याची मुभा स्क्रिप्टला मिळाली ती २०२४ साली. मला नेमकी तीच हवी होती.

ही सारी साधने आधी घडली ती रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून, हे मला ठाऊक होते. इंग्रजी नावांत अक्षरांमधले अंतर वाढवले की ती ऐटदार दिसतात. तोच आकडा मराठी नावांना लावला की शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखे दिसू लागते. इंग्रजीच्या मापाने ओळींमधले अंतर ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो. या ठेचा मी आधीच खाल्ल्या होत्या. म्हणून स्क्रिप्ट लिहिताना काळजी घेतली. ‘पहिले चिन्ह घे, त्याला काना, मात्रा, वेलांटी जे काही लागून असेल तेही घे, मग रंग लाव.’ शुक्रवारी पहाटे तीन वाजता बटण दाबले. मिनिटभरात ३४० नावे नवी वस्त्रे नेसून उभी राहिली. नटनटींची नावे नीट पाहिली. पुढची नावे झरझर सरकताना पाहिली, प्रत पाठवून दिली आणि झोपले.

शनिवारच्या खेळाला मी मागच्या रांगेत होते. माझ्यापुढे आमचे स्पॉटदादा सहकुटुंब बसले होते. शीर्षकांसाठी काही दृश्ये टिपायला मी दोन दिवस सेटवर गेले होते, तेवढीच आमची ओळख. पहिल्या दिवशी मी एकदा म्हणाले होते की चहा बिनसाखरेचा. दुसऱ्या दिवशी न सांगता तसाच आला. सेटवरच्या साठ-सत्तर माणसांचे चहा त्यांच्या डोक्यात असेच वेगवेगळे मांडून ठेवलेले होते.

त्यांचे नाव ‘ज्ञ’पासून सुरू होते. चौथीतली त्यांची मुलगी मान उंच करून एकेक नाव वाचत होती. वडिलांचे नाव आले. तिने टाळी वाजवली आणि लगेच म्हणाली, ‘बाबा, तुमचा ज्ञ मोडलाय!’

मोडलाच होता. कुंकवाच्या रंगात पाय मोडलेला एकटा ‘ज’, आणि शेजारी पांढऱ्या रंगात ‘ञा’. दादा तिला हळूच म्हणाले, ‘असू दे गं. नाव आलंय ना!’

त्या ‘असू दे’ने मला जास्त लागले.

घरी येऊन संगणक उघडला. चूक यंत्राची नव्हती. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. आपण ते चार अक्षरांत वाचतो: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या कोठारात मात्र त्याची दहा चिन्हे असतात: ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडल्याची खूण, व आणि र. ही चिन्हे जोडून डोळ्यांना ‘ज्ञा’ दाखवण्याचे काम ठसा करतो. पण मध्येच रंग बदलला की चिन्हांचे दोन तुकडे होतात आणि जोड सुटतो. माझ्या स्क्रिप्टने ‘ज’ घेतला, त्याला लागलेली पाय मोडल्याची खूण घेतली आणि तिथेच थांबली. मी सांगितले तेवढेच तिने इमानाने केले होते. जोडाक्षर सांगायला मी विसरले होते. मोजून पाहिले. प्रकाश, श्रीकांत, ज्योती, द्वारका अशी एकूण सतरा नावे मोडली होती. त्यांतले एकही मोठ्या कलाकाराचे नव्हते, म्हणून माझ्या नजरेतून सुटले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुरुस्ती पहिलीतल्या पोराला कळेल अशी होती. ‘व्यंजन घे. त्याचा पाय मोडला असेल तर पुढचेही व्यंजन घे. त्याचाही मोडला असेल तर त्याच्या पुढचे.’ कारण आपल्यात ‘त्र्यंबक’ही असतात! ‘मग काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, सगळे गोळा कर आणि मगच रंग लाव.’ बाराखडी आणि जोडाक्षरे घोकताना आपण जे शिकलो, तेच मी यंत्राला चार ओळींत शिकवले. नवी प्रत रविवारी रात्री गेली आणि पुढे चित्रपटगृहांत तीच लागली.

त्यानंतर मी एक नियम केला. स्क्रिप्ट चालवायची, जरूर चालवायची. अकरा तासांची हमाली करण्यात काही पुण्य नाही. पण वाचलेल्या वेळातले दोन तास बाजूला ठेवायचे. निर्मात्यांकडून आलेली नावांची यादी कागदावर घ्यायची आणि पडद्यावरचे प्रत्येक नाव तिच्याशी ताडून मोठ्याने वाचायचे. सुरुवात शेवटच्या नावापासून करायची. डोळे ताजे असतात तेव्हा स्पॉटदादा, लाइटदादा, गाडी चालवणारे आणि जेवण रांधणारे आधी वाचले जातात. नटनटींची नावे चुकली तर सांगायला दहा माणसे असतात.

दादांना मी फोन करून चूक कबूल केली. ते म्हणाले, ‘ताई, एवढ्याशासाठी फोन कशाला केलात? पोरीला सांगतो, ज्ञ जुळला म्हणून.’

मध्यंतरी दुसऱ्या एका सेटवर ते पुन्हा भेटले. आमचे बोलणे व्हायच्या आत त्यांनी कप पुढे केला. चहा बिनसाखरेचा होता.