ही किरकिर कुणाची?

उन्हाळा आला की पापड-कुरडयांच्या जोडीला आणखी एक गोष्ट ठरलेली, ती म्हणजे किड्यांची किरकिर. दुपारी झाडावरून, संध्याकाळी कुंपणातून, रात्री मोरीच्या कोपऱ्यातून. बहुतेक घरांत या सगळ्यांना एकच नाव, ‘रातकिडे’! आणि उपायही एकच, औषधाचा फवारा. पण मैत्रिणींनो, जो भर दुपारी ओरडतो तो रातकिडा कसा असेल?

दुपारी आंब्यावर, जांभळावर किंवा वडावर बसून जो कानठळ्या बसवतो, तो सिकाडा. माथेरान, महाबळेश्वर किंवा कोकणात मे महिन्यात गेला असाल, तर अख्खं रान एका सुरात ‘चिर्रर्र’ करताना तुम्ही ऐकलं असेल. अगदी जवळून ऐकलं तर काही जातींचा आवाज शंभर डेसिबलच्याही पुढे जातो. खूण सोपी आहे. आवाज उंचावरून येतो, सलग येतो आणि आपण झाडाखाली गेलो की एकदम थांबतो. किडा दिसलाच तर रुंद, बोथट डोकं, दोन बाजूंना दोन टपोरे डोळे, आणि कौलारू छपरासारखे अंगावर उतरते मिटलेले पंख. बऱ्याच जातींत ते काचेसारखे पारदर्शक असतात. मिशा अगदी केसासारख्या, आखूड.

हा आवाज तो तोंडाने काढत नाही. डब्याचं पातळ पत्र्याचं झाकण मध्यभागी दाबलं की ‘टक्’ वाजतं ना, तसे दोन पडदे त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना असतात. स्नायूंनी ते सेकंदाला शेकडो वेळा आत-बाहेर होतात. पोट आतून पोकळ असल्यामुळे तबल्यासारखा आवाज घुमतो. आणि गंमत म्हणजे गातो तो फक्त नर. मादी गुपचूप ऐकते आणि पसंत पडला तरच जवळ जाते!

रातकिड्याची तऱ्हा वेगळी. तो तपकिरी किंवा काळा, अंगाने चपटा, मिशा लांबच लांब, मागचे पाय उडी मारायला मजबूत. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा एक पंख दुसऱ्यावर घासून तो आवाज काढतो. त्याचे कान पुढच्या पायांवर असतात. दिवेलागणीनंतर जमिनीलगत, दगडाखाली, कुंड्यांच्या मागे ‘क्रीं... क्रीं...’ असा थांबत थांबत सूर लागला की तो रातकिडा समजा. गरम रात्री त्याची लय वाढते, गारव्यात ती मंदावते. अमेरिकेतल्या डॉल्बियर नावाच्या शास्त्रज्ञाने तर १८९७ साली या आवाजावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं.

रात्री झुडपातून कोरडं ‘टिक् टिक् झिर्र’ ऐकू आलं, तर तो बहुधा पानासारखा हिरवा, लांब मिशांचा नाकतोडा. आणि जो फक्त उडतानाच घूं घूं करतो, बसला की गप्प, तो भुंगा. त्याचा आवाज पंखांच्या फडफडीचा.

आता म्हणाल, एवढं ओळखून करायचं काय? सांगते. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वसाहतीत दोन उन्हाळ्यांपूर्वी एका जुन्या आंब्याबद्दल तक्रार आली. आवाजाने दुपारची झोप होत नाही, झाडाला कीड लागली आहे, फवारणी करा. त्यात झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचंही ठरत होतं. आमच्या महिला मंडळाने चार दिवस मागून घेतले. बुंध्याशी बोटभर रुंदीची भोकं दिसली, खोडाला चिकटलेल्या रिकाम्या तपकिरी काती सापडल्या. मुलांनी त्या काडेपेटीत भरून थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणल्या.

त्या काती सिकाडाच्या होत्या. सिकाडाची पिल्लं जमिनीखाली मुळांचा रस पीत काही वर्षं काढतात. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात एक जात तर दर चार वर्षांनीच एकदम बाहेर येते. मग एका संध्याकाळी ती खोडावर चढतात, कात टाकतात आणि पंख फुटून उडून जातात. पुढचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. ते चावत-डसत नाहीत, मोठ्या झाडाचं काही वाकडं करत नाहीत. कोतवाल-साळुंक्यांना मात्र मेजवानी मिळते. मीटिंगमध्ये आम्ही एवढंच विचारलं, की आज बुंध्याशी फरशी टाकली तर खाली वाट बघणारी पिल्लं वर येणार कुठून? आणि पावसाचं पाणी मुळांना मिळणार कसं? बरीच वादावादी झाली. फवारणी रद्द झाली, आणि बुंध्याभोवती तीन फूट माती उघडी ठेवायची असं ठरलं. आम्ही पाच फूट मागितली होती.

म्हणजे सगळेच किडे निरुपद्रवी का? तर नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीभोवती तपकिरी भुंगेऱ्यांचा घोंगाट सुरू होतो. हे हुमणीचे भुंगेरे. त्यांची अळी ऊस आणि भुईमुगाची मुळं खाऊन उभं पीक वाळवते. अळी जमिनीत गेल्यावर तिच्यापुढे हात टेकावे लागतात. म्हणून त्याच संध्याकाळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. सारं गाव एकत्र आलं तरच याचा उपयोग होतो. बचत गटाच्या बायकांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला फार वाटतं. इथे तो आवाज ओळखला की हंगाम वाचतो, ओळखला नाही की महागात पडतो.

आणखी एक ‘रातकिडा’ आहे, तो झाडावर नसतो. थंडीच्या दिवसांत, दारं-खिडक्या बंद असताना, कान झाकले तरी किरकिर ऐकू येत असेल, तर ती कानातलीच असते. उलट, घरातल्या मुलांना रातकिडे ऐकू येतात आणि आजीला मुळीच नाही, असं झालं तर वयानुसार बारीक आवाज ऐकण्याची शक्ती कमी होते आहे, हे लक्षात घ्या. दोन्ही वेळी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. ‘वयच झालं आता’ म्हणून बायका हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

तेव्हा या सुट्टीत मुलांच्या हातात एक वही द्या. आवाज किती वाजता आला, वरून की जमिनीलगत, सलग की तुटक, जवळ गेल्यावर थांबला का, एवढ्या चार गोष्टी रोज लिहायला सांगा. आठवड्याभरात तुमच्या अंगणातला कोण कोण ते कळेल. मग कुणी फवाऱ्याचा पंप घेऊन आलंच, तर आधी ती वही त्याच्यापुढे ठेवा.