मालट्रकचे ब्रेक व तोल : दोषपरीक्षेचा क्रम

ऊस, कांदा वा धान्य घेऊन मालट्रक घाट उतरू लागला म्हणजे सारा भरवसा ब्रेकवर असतो. तरीही समोरच्या फळीवरील सूचक दिवा पेटला असता त्यावर चिकटपट्टी लावून गाडी हाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. ही चाल घातक होय. ज्या शेतकरी बंधूंनी स्वतःचा ट्रक ठेविला आहे, त्यांनी दोष शोधण्याचा क्रम समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हवा पाहावी. जड ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. सपाट जागी गाडी उभी करून चाकांस अटकण लावावी, टाक्या पूर्ण भराव्या, इंजिन बंद करून हातब्रेक सोडावा आणि पायब्रेक दाबून धरून एक मिनिट काटा पाहावा. एकट्या ट्रकचा दाब या अवधीत दर चौरस इंचास 3 पौंडांहून अधिक उतरू नये, असा अमेरिकेतील चालक-परीक्षेचा दंडक आहे. ब्रेक न दाबताही दाब उतरत असेल तर टाक्या, नळ्या व झडपा तपासाव्या. केवळ दाबल्यावरच उतरत असेल तर चाकांजवळील रबरी नळ्या व ब्रेकच्या डब्यांतील पडदे पाहावे. टाक्यांत साचलेले पाणी वेळोवेळी सोडून द्यावे.

दुसरी पायरी चाकांची. थोडे अंतर चालवून प्रत्येक ड्रमजवळ हात न्यावा, मात्र स्पर्श करू नये. एकच ड्रम फार तापला असेल तर तेथील ब्रेक अडकून राहतो. एकच थंड असेल तर तो काम करीत नाही. ब्रेक मारताच गाडी एका बाजूस ओढत असल्यास कारण बहुधा येथेच सापडते.

यानंतर विजेचा भाग. चाक सरकू न देणारी एबीएस यंत्रणा भारतात 2015 पासून नव्या जड ट्रकांस सक्तीची झाली. चाकापाशी दातेरी कडे व त्याची गती मोजणारा संवेदक असतो. शेतातील चिखल, तुटलेली तार किंवा सैल बेअरिंग यांमुळे ही मोजणी बिघडते व दिवा पेटलेला राहतो. अशा वेळी साधा ब्रेक बहुधा लागतो. परंतु ओल्या रस्त्यावर चाके जाम होण्याचे भय उरतेच.

काही ट्रकांत तोल सांभाळणारी यंत्रणाही असते. चालकाने चाक किती वळविले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, याचा मेळ घालून ती इंजिनाचा जोर कमी करते व निवडक चाकांस ब्रेक लावते. म्हणून पुढील आसाची वा स्टिअरिंगची दुरुस्ती झाल्यावर संवेदकाचे शून्य पुन्हा ठरवून घ्यावे लागते. ते राहून गेल्यास सरळ रस्त्यावरही दिवा पेटतो. निरनिराळ्या मापांचे टायरही यंत्रणेस चकवितात.

दोषाचा संकेतांक वाचणारे उपकरण कारागिराकडे असते. पण संकेतांक दोषाची जागा सुचवितो, कारण नेहमीच सांगत नाही. म्हणून तार व जोड तपासल्यावाचून भाग बदलू देऊ नये. तसेच, तोलाची यंत्रणाही त्याच हवेच्या ब्रेकवर चालते. हवा गळत असता संवेदक बदलणे व्यर्थ होय. आणि मापाबाहेर उंच रचलेला ऊस वळणावर कलला, तर कोणतीही यंत्रणा त्यास सावरील, या भरवशावर कोणी राहू नये.