मधुमेहामागील अप्रकट संप्रेरक-विकार : नांदेड व लातूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
मधुमेह हा स्थूलता, आनुवंशिकता व बैठ्या जीवनशैलीचा परिणाम मानला जातो. बहुसंख्य रुग्णांबाबत ते खरेही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांपैकी काहींच्या बाबतीत मात्र मधुमेह हा मूळ रोग नसून दुसऱ्या अंतःस्रावी ग्रंथीच्या विकाराचा परिणाम असतो. यास दुय्यम मधुमेह म्हणतात.

संप्रेरके व रक्तशर्करा :
इन्सुलिन रक्तातील साखर कमी करते. कॉर्टिसॉल, वृद्धी संप्रेरक व अ‍ॅड्रेनॅलिन ती वाढवितात. यांपैकी एखादे अतिरिक्त प्रमाणात स्रवू लागले की इन्सुलिनचा प्रभाव अपुरा पडतो. पीयूषिका किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढल्यास चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात व मांड्यांचे स्नायू दुर्बल होतात. हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये पीयूषिकेतील गाठीशी या विकाराचा संबंध दाखविला. वृद्धी संप्रेरक वाढल्यास प्रौढपणी अंगठी व पादत्राणे घट्ट होऊ लागतात.

निदान :
ही लक्षणे नेहमीच ठळक नसतात. अनेक औषधे घेऊनही मधुमेह आटोक्यात न आलेल्या 1,057 रुग्णांची अमेरिकेत तपासणी झाली. 2024 मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत सुमारे 24 टक्के रुग्णांत कॉर्टिसॉलचे आधिक्य आढळले. चाचणी सोपी आहे : रात्री 11 वाजता डेक्सामेथॅसोनची 1 मिलिग्रॅम मात्रा देऊन सकाळी 8 वाजता रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात. ते प्रति डेसिलिटर 1.8 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक राहिल्यास पुढील तपासण्या आवश्यक ठरतात.

स्थानिक संदर्भ :
सांधेदुखी वा दम्यासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधेही हाच परिणाम घडवितात. म्हणून रुग्णाने पूर्वी घेतलेल्या गोळ्या, इंजेक्शने व पुड्या यांची विचारपूस प्रथम व्हावी. मात्र अशी औषधे एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या भागातील संशयित रुग्णांना पुढील तपासणीसाठी जवळच्या ठरतात.

समारोप :
साखर उतरत नाही म्हणून पथ्य मोडल्याचा दोष रुग्णास देणे सोपे असते. परंतु मूळ विकार दूर झाल्यास मधुमेह सौम्य होतो, क्वचित नाहीसाही होतो. म्हणून उपचारांना दाद न देणाऱ्या मधुमेहात रुग्णाच्या शिस्तीइतकीच त्याच्या ग्रंथींचीही तपासणी होणे आवश्यक आहे.