धरणगावची भिल्ल पलटण

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नशिराबाद हे गाव एकेकाळी काचेच्या बांगड्यांसाठी नावाजलेले होते आणि त्याच्या नावाने तालुकाही ओळखला जात असे. परंतु एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरकारांनी त्याची नोंद करताना बांगड्यांच्या बरोबरीने हेही लिहून ठेवले की, दक्षिणेकडील सातमाळ्याच्या डोंगरातून उतरणाऱ्या भिल्लांच्या टोळ्यांनी ते अनेकदा लुटले होते. (लष्करी इतिहासात ‘नसिराबाद’ हे नाव आले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १८१८ मध्ये वसलेली अजमेरजवळची छावणी येते, खानदेशातील नशिराबादचा तिच्याशी काही संबंध नाही.)  नशिराबादसारख्या गावांवर रात्री पडणाऱ्या धाडींना आवर कसा घालायचा, या प्रश्नातून पश्चिमेला काही कोसांवरच्या धरणगावी १८२५ मध्ये जी भिल्ल पलटण उभी राहिली, ती लहान तुकड्यांच्या युद्धशिक्षणाची खानदेशातील पहिली आधुनिक शाळा म्हणता येईल. आणि या शाळेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना निम्मा धडा आधीच येत होता.

लहान तुकडी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आजच्या भारतीय पायदळात सुमारे दहा जवानांचा एक सेक्शन, तीन सेक्शनांची एक प्लाटून आणि तीन प्लाटूनांची एक कंपनी अशी चढती रचना असते, आणि नव्या जवानाच्या शिक्षणाचा पाया सेक्शनातच घातला जातो: पुढे कोण चालणार, दोघांमधले अंतर किती, अचानक गोळी आली तर कोणी आडोसा घेऊन प्रत्युत्तर द्यायचे आणि कोणी बगलेने पुढे सरकायचे. अशा प्रत्यक्ष हालचालींना डावपेच म्हणतात. त्यांच्या मागे कोणत्या प्रसंगी बळ किती आणि कशासाठी वापरायचे याविषयी आधीच ठरवून सर्वांना शिकवलेली जी समज असते, तिला युद्धसिद्धांत किंवा लष्करी परिभाषेत डॉक्ट्रिन म्हणतात. डावपेच चुकले तर चकमक हातची जाते. सिद्धांतच चुकला तर जिंकलेल्या चकमकींचाही उपयोग होत नाही, आणि १८१८ ते १८२५ या सात वर्षांत खानदेशात कंपनी सरकारचे नेमके हेच झाले.

पेशवाई बुडाल्यावर खानदेश कंपनीकडे आला तेव्हा तापीचे सुपीक खोरे बऱ्याच अंशी उजाड झालेले होते. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावे ओस पाडली होती, आणि पिढ्यान्पिढ्या जागल्या म्हणून गावाची राखण करणाऱ्या भिल्लांचे हक्क आणि बलुते गावांबरोबरच नाहीसे झाले होते. त्यातच पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ मध्ये समेटाच्या मिषाने भिल्लांना कोपरगावी बोलावून त्यांची सरसकट कत्तल केली, आणि त्यानंतर सरकारच्या शब्दावर भिल्लांचा विश्वास उरला नाही. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग असल्यामुळे खोऱ्यात धाड घालून उजाडण्यापूर्वी डोंगर गाठणे टोळ्यांना अवघड नव्हते. अशा माणसांना केवळ ‘लुटारू’ म्हणून जुनी कागदपत्रे मोकळी होतात. परंतु राखणदाराचा दरोडेखोर होण्यामागे काय घडले होते, हे त्याच कागदपत्रांच्या ओळींमधून वाचता येते.

कंपनीची नियमित फौज या लढाईसाठी घडवलेलीच नव्हती. त्या काळच्या शिपायाच्या हाती चकमकीची बंदूक असे, आणि ती भरण्याचा क्रम असा: काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, चिमूटभर दारू रंजक म्हणून बाहेरच्या कानीत ओतायची, उरलेली नळीत टाकायची, वरून गोळी आणि कागद सारून गजाने ठासायचे, गज परत जागी खोचायचा आणि मग चाप ओढायचा. एवढे सगळे उभ्यानेच करावे लागे, आणि तरबेज शिपाई मिनिटाला फार तर तीन बार काढी. सुमारे शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसल्यामुळे शेकडो शिपायांनी खांद्याला खांदा लावून एकदम फैर झाडणे हाच या शस्त्राचा खरा वापर होता आणि सगळी कवायत त्यासाठीच रचलेली होती. मोकळ्या मैदानावर समोर उभ्या असलेल्या शत्रूपुढे ही रचना भारी ठरे. करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या नाल्यात शत्रूच दिसत नसेल, तर फैर कोणावर झाडायची? भिल्लाच्या हाती बांबूच्या कामट्याचीच दोरी लावलेली कामठी असे. तिला ना धूर, ना आवाज, आणि बसल्या जागेवरून तीर सोडता येई.

युरोपातही हा प्रश्न याच सुमारास हाताळला जात होता. इंग्लंडात शॉर्नक्लिफ येथे सर जॉन मूर याने १८०३ पासून हलक्या पायदळाला जे शिक्षण दिले, त्यात शिपाई जोडीने लढत, एकाने बार काढला की दुसऱ्याची बंदूक भरलेली राहील अशी काळजी घेत, आडोशामागून आडोशाकडे सरकत आणि अधिकारी दूर असेल तर स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेत. इंग्रजी सैन्यासाठी ही मोठी सुधारणा होती. सातमाळ्यातल्या भिल्लाला ती ऐकवली असती तर ससा मारायला दुसऱ्या कोणत्या रीतीने जातात, असे त्यानेच विचारले असते.

सिद्धांत बदलला तो मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणाने. भिल्लांना केवळ बळाने संपवता येणार नाही. शरण येणाऱ्यास कौल द्यावा, जमीन, बैल व तगाई देऊन वसवावे, त्यांच्यापैकीच काहींना हत्यारबंद चाकरीत घ्यावे आणि बळ फक्त उरलेल्यांपुरते राखावे, असा हा विचार होता. त्यानुसार १८२५ मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्सी निघाल्या: दक्षिणेला कन्नडच्या डोंगरात, वायव्येला नंदुरबारच्या बाजूस आणि ईशान्य भागासाठी धरणगावी. पहिल्या दोहोंचे मुख्य काम वसाहतीचे होते, तर पलटण उभारण्याचे काम धरणगावच्या एजन्सीकडे आणि तिच्यावर नेमलेल्या जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा, पावसाळ्यात दरडींमुळे वर्तमानपत्रांत गाजणारा औट्रम घाट याच्याच नावाचा.

औट्रमने सुरुवात मात्र शस्त्रानेच केली. मोजकी माणसे घेऊन त्याने रात्रीची वाट चालून डोंगरातल्या भिल्लांच्या हट्टीवर, म्हणजे वस्तीवर, पहाटे छापा घातला. एवढ्या थोड्या लोकांनी हल्ला करण्याचे धाडस केले म्हणजे मागे मोठी फौज असणार, या समजुतीने टोळी विखुरली. हा डाव भिल्लांचाच होता आणि तो त्यांच्यावर उलटवला गेला. त्यानंतर पकडलेल्यांच्या नातलगांमार्फत त्याने नाईकांशी बोलणे लावले, पहारा न घेता त्यांच्यात जाऊन राहिला आणि त्याच्याच कबुलीप्रमाणे ब्रँडीचा सढळ वापरही केला. एवढे करून हाती आली ती पाच माणसे. सहाशेच्या घरात जाणाऱ्या पलटणीचा हा आरंभ होता.

भरतीला आड येणारी भीती वेगळ्याच प्रकारची होती. डोंगरांत अशी वदंता होती की, भिल्लांना साखळीच्या कैद्यांप्रमाणे एका ओळीत उभे करून त्यांचा निर्वंश करण्याचा सरकारचा बेत आहे आणि साहेबांच्या मुलुखात माणसाच्या रक्ताला औषध म्हणून मोठी मागणी आहे. इंग्रज लेखकांनी ही गोष्ट भोळेपणाचा नमुना म्हणून सांगितली आहे. ती तशी नाही. ज्यांना एकवीस वर्षांपूर्वीच कोपरगावी एकत्र बोलावून कापले गेले होते, त्यांना ‘या, रांगेत उभे राहा’ हा हुकूम कसा ऐकू आला असेल, हे समजणे कठीण नाही. कवायतीचा सर्वांत पहिला धडा, म्हणजे इतरांबरोबर सरळ ओळीत स्वस्थ उभे राहणे, हाच या भरती होणाऱ्यांना सर्वांत धोक्याचा वाटणे स्वाभाविक होते. म्हणून पहिल्या महिन्यांत कवायतीपेक्षा शिकार अधिक झाली. वाघामागे पायी जाणाऱ्या औट्रमबरोबर हेच भिल्ल हाकारे आणि माग्ये म्हणून जात, आणि माग कोणी काढायचा, वारा कोणत्या बाजूचा, कोण कोणाला झाकून उभा राहणार हे सारे तेथे हुकमाशिवाय ठरत असे. लहान तुकडीचे शिक्षण ते हेच. फक्त शिकवणारे आणि शिकणारे कोण, हे तेथे सांगता येणार नाही.

पुढे मालेगावच्या छावणीत रीतसर कवायत झाली. तेथे औट्रमच्याच तेविसाव्या पलटणीतील शिपायांनी, ज्यांत उच्चवर्णीय पुष्कळ होते, भिल्लांचे स्वागत केले, त्यांना पानसुपारी दिली. ही हकीगत वरकरणी शिष्टाचाराची आहे, परंतु पलटणीच्या घडणीत ती गोळाबारीच्या सरावापेक्षा कमी मोलाची नसावी. शेजारच्या शिपायाने आपल्याला सोबती मानले आहे, हे कळल्याशिवाय तुकडी नावाची वस्तू तयार होत नाही.

भिल्लांनी शाळेत आणलेली विद्या कोणती, हे जागल्याच्या कामावरून कळते. गावात चोरी झाली की जागल्या पाऊलखुणांवरून माग काढत शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो शेजारच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करी. माग ज्या शिवेत हरवला, त्या गावावर भरपाईची जबाबदारी पडे. माणूस ओझे घेऊन चालला की रिकामा, किती वेळापूर्वी गेला, टोळी कोठे फुटली, हे मातीवरून वाचणे हा त्याचा रोजचा धंदा होता. कवायतीने त्यात तीन गोष्टींची भर घातली: हुकूम मिळेपर्यंत थांबणे, पाळीपाळीने पहारा करणे आणि लूट न वाटता पगारावर राहणे. यांतली तिसरी सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची. टोळी छाप्यानंतर विखुरते, तुकडीला छाप्यानंतर पुन्हा जमावे लागते. डावपेचांच्या दृष्टीने टोळी आणि तुकडी यांतला फरक एवढाच आहे.

हुद्द्यांच्या नावांतही हा संगम दिसतो. कंपनीच्या फौजेत शिपायाच्या वर नाईक, त्याच्यावर हवालदार, मग जमादार आणि सुभेदार अशी चढण होती, आणि लहान तुकडी चालवणारा पहिला माणूस म्हणजे नाईक. भिल्लांमध्ये नाईक म्हणजे टोळीचा किंवा घाटाचा प्रमुख, ज्याचा मान वंशपरंपरेने चाले. एकच शब्द एकीकडे सरकारने बहाल करायचा आणि हवा तेव्हा काढून घ्यायचा हुद्दा होता, तर दुसरीकडे जन्माने आलेला अधिकार.

फळ लवकर दिसले. दोन-तीन वर्षांत नियमित फौजेच्या अनेक चौक्या भिल्ल शिपायांकडे सोपवल्या गेल्या आणि वीस वर्षांत प्रथमच सहा महिने शांततेत गेल्याचे कलेक्टरने १८२८ मध्ये कळवले. १८३० मध्ये डांगावर आणि १८३१ मध्ये अडावद-यावल भागातील तडवी भिल्लांवर ही पलटण चालून गेली. १८३५ मध्ये औट्रम खानदेश सोडून महीकांठ्याकडे गेला, तरी पलटण टिकली. मेवाडात खेरवाडा येथे १८४१ मध्ये उभी राहिलेली भिल्ल पलटण याच वाटेवरची. आणि नाशिक-नगरच्या डोंगरांत १८५७ च्या धामधुमीत कॅप्टन नटॉल याने कोळ्यांची जी पलटण उभारली, तिच्याविषयी तर अशी नोंद आहे की आडोसा धरून चकमक लढण्याची कला त्या लोकांच्या अंगातच होती.

परंतु शांततेच्या या हिशेबात एक बाजू कोरीच राहते. सेंधव्याच्या घाटाची राखण सरकारतर्फे करणारा खाज्या नाईक हा पलटणीच्या बाहेरचा, पण त्याच धोरणाने बांधून घेतलेला माणूस होता. तो आधी बडतर्फ होऊन तुरुंगात गेला, नंतर पुन्हा चाकरीत आला आणि १८५७ मध्ये उठला. भीमा नाईक त्याला मिळाला आणि नोव्हेंबरात सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे मेजर इव्हान्सच्या फौजेने त्यांना गाठले. त्या फौजेत धरणगावची भिल्ल पलटणही होती. माग काढणारे भिल्ल, माग लपवणारेही भिल्ल, खडकाआडून लढण्याची रीत दोन्हीकडे एकच. अंतर होते ते पगाराचे, दारूगोळ्याच्या पुरवठ्याचे आणि हुकमाच्या ओळीचे. धरणगावच्या शाळेचे यश मोजताना आंबापाण्याचा दाखला बहुधा तिच्या निष्ठेसाठी देतात. एल्फिन्स्टनच्या सिद्धांतातील जमीन, तगाई आणि सन्मान हे भाग पलटणीबाहेरच्या भिल्लापर्यंत किती अपुरे पोचले, याचाही तो तेवढाच दाखला आहे.

त्यानंतर पलटणीचे लष्करी रूप हळूहळू ओसरले. खजिना, तुरुंग आणि चौक्यांचे पहारे एवढेच काम उरत जाऊन शेवटी ती पोलिसांत विलीन झाली, आणि १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. नाईक हा हुद्दा मात्र पोलिसांत शिपाई आणि हवालदार यांच्या मधल्या पायरीवर पुढे शतकभराहून अधिक काळ टिकला, आणि महाराष्ट्र शासनाने ‘पोलीस नाईक’ हे पद २०२२ मध्ये रद्द केले. खानदेशातील भिल्ल वस्त्यांत मात्र ‘नाईक’ हे आडनाव अजूनही आढळते.