बी.ए. इंग्लिश करून पुढे काय? पालकांच्या प्रश्नाला एका शिक्षिकेचं उत्तर



बारावीचा निकाल लागला की आमच्या दोंडाईच्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. मिरची मार्केटमध्ये भेटलेल्या एका पालकांनी तो मला अहिराणीतच विचारला, "मॅडम, पोरगी इंग्रजी लिसन काय करी?" त्यांची मुलगी माझ्याकडे पहिली ते चौथी शिकलेली. तिला बी.ए.ला इंग्रजी विषय घ्यायचा होता आणि घरातून फार्मसीचा आग्रह होता. मी त्यांना उभ्या उभ्या उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी आपल्याच मातीतली दोन माणसं

जळगाव जिल्ह्यातला यावल तालुका आपण केळीसाठी ओळखतो. त्याच तालुक्यातल्या फैजपूरला १९०९ साली बा. सी. मर्ढेकर जन्मले. त्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, नंतर आकाशवाणीत नोकरी केली. पण 'काही कविता' (१९४७) लिहिल्या त्या मराठीत, आणि मराठी कवितेचं वळणच बदललं.

याच तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे. जन्म १९३८ चा. खेड्यातून पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले. 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा त्यांचं वय अवघं पंचवीस. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी शिकवलं. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो मराठी लेखनासाठी. विंदा करंदीकरही इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांनी शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणला.

म्हणजे पगार इंग्रजी शिकवण्याचा आणि लेखन मराठीत, अशी ही परंपरा आहे. एक भाषा नीट शिकल्याने दुसरी मागे पडत नाही. उलट दोन्ही धारदार होतात. आता तुम्ही म्हणाल, मॅडम, ही तर मोठी माणसं. आमच्या पोरीचं काय? बरोबर आहे. तर आता रोजच्या भाकरीचं बोलू.

रस्ते कोणते?

१) शिक्षकी पेशा. बी.ए.ची तीन वर्षं आणि बी.एड.ची दोन, म्हणजे पाच वर्षांनी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवता येतं. त्यात एम.ए.ची दोन वर्षं धरली की कनिष्ठ महाविद्यालय. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते. खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला ५५ टक्के गुण हवेत. आपल्या राज्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पण पालकहो, हेही ऐकून ठेवा की पात्रता म्हणजे नोकरी नव्हे. भरतीची वाट पाहत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे अनेकजण आहेत. हाच एक रस्ता धरून बसू नका.

दुसरी बाजूही आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, नंतर सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले. त्यामुळे चांगलं इंग्रजी शिकवणाऱ्याची गरज खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचली आहे.

२) स्पर्धा परीक्षा. बँकेच्या परीक्षांना इंग्रजीचा वेगळा भाग असतो आणि आपली मुलं बहुतेक तिथेच अडकतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पर्यायाचा गोल काळा करून चालत नाही, स्वतःच्या वाक्यात लिहावं लागतं.

३) लिहिण्याची कामं. भाषांतर, वर्तमानपत्र, जाहिरात, प्रकाशन संस्था, चित्रपट-मालिकांची उपशीर्षकं. किरण नगरकर जाहिरात क्षेत्रात काम करत होते आणि कादंबऱ्या मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहीत होते. "आता मोबाईलच भाषांतर करतो ना?" असं कोणी म्हणेल. करतो. पण ते बरोबर झालं की नाही, हे दोन्ही भाषा येणाऱ्यालाच कळतं. कानबाईचे रोट म्हणजे काय, हे परक्या वाचकाला इंग्रजीत समजावायचं तर ते खाल्लेलं पोरगंच लागेल.

खरी अडचण कुठे आहे?

या तिन्ही रस्त्यांवर एकच गोष्ट विचारली जाते : स्वतःचं लिहिता येतं का?

माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.ए. इंग्लिश चांगल्या गुणांनी पास झाली. एका शाळेत मुलाखतीला गेली. तिथे सांगितलं, "तुमच्या गावावर दहा ओळी इंग्रजीत लिहा." तिला चार ओळींच्या पुढे जाता आलं नाही. मला भेटून रडली. म्हणाली, "मॅडम, मी तीन वर्षं गाईड पाठ केलं. स्वतःचं असं कधी लिहिलंच नाही."

मी तिची समजूत घातली, पण रात्री झोप लागली नाही. कारण तिची पहिलीची मॅडम मीच होते. 'माझी आई', 'माझी शाळा' हे निबंध मीच फळ्यावर लिहून दिले होते. सगळ्या वर्गाची आई सारखीच प्रेमळ आणि पहाटे पाच वाजता उठणारी. गाईडची सवय कॉलेजात लागत नाही हो, ती आपल्या फळ्यापासून लागते.

मग काय करायचं?

कॉलेजातल्या मुलांनी :
• आठवड्याला एक पान स्वतःचं लिहावं. बाजार, शेत, एसटीचा प्रवास, काहीही.
• महिन्यातून एकदा घरात ऐकलेली अहिराणी गोष्ट आधी मराठीत, मग इंग्रजीत उतरवावी.
• नाटक असो वा कविता, आधी मूळ वाचावं. गाईड नंतर.

आपण शिक्षकांनी :
• निबंध फळ्यावर देणं थांबवू. शब्द देऊ, वाक्यं मुलांची.
• चुका असलेल्या पाच ओळी, पण स्वतःच्या, यांना शाबासकी देऊ.
• मूल अहिराणी शब्द वापरतं तेव्हा हसू नये. तिथूनच त्याचं लेखन सुरू होतं.

या वर्षी मी तिसरीला 'माझी आई' फळ्यावर न देता लिहायला लावलं. एकाने लिहिलं, "माझी आई मिरच्या खुडते. तिचे हात जळतात. ती मला रात्री हात लावत नाही." शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी लाल पेन बाजूला ठेवला.

त्या पालकांना माझं पूर्ण उत्तर असं आहे : भाऊ, पोरीला इंग्रजी घेऊ द्या. पण ती दर आठवड्याला काय लिहिते, ते विचारत जा. तुम्हाला वाचता नाही आलं तरी तिला वाचून दाखवायला सांगा.

तुमच्या वर्गातले अनुभव मला जरूर कळवा.