मोक्याच्या जागेवरचं दुकान

ॲपलने १० जुलै २००८ रोजी आपलं ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात जेमतेम ५०० ॲप्स होती. पहिल्या शनिवार-रविवारीच डाउनलोडचा आकडा एक कोटीवर गेला. मग दुकानं थाटायची लाटच आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलचं अँड्रॉइड मार्केट आलं. २०१२ पासून आपण त्याला प्ले स्टोअर म्हणतो. २००९ मध्ये ब्लॅकबेरी आणि नोकिया, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट, २०११ मध्ये ॲमेझॉन. यांपैकी सर्वसामान्यांच्या फोनवर आज पहिली दोनच उरली आहेत.

बाकीच्यांकडे ॲप्स कमी होती म्हणून ती बुडाली, असं सर्रास सांगितलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत ते बरंचसं खरं. ग्राहक नाहीत म्हणून डेव्हलपर येईनात आणि ॲप्स नाहीत म्हणून ग्राहक येईनात. २०१३ मध्ये कंपनीने एकेका ॲपमागे १०० डॉलर देऊ केले, तरी गाडी हलली नाही. पण ॲमेझॉनचं काय? तिथे पैसा होता, नाव होतं आणि अँड्रॉइडवरचीच ॲप्स होती. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये अँड्रॉइड फोनवरचं हे दुकान बंद झालं.

माझ्या मते खरं कारण जागेचं आहे. एसटी स्टँडच्या दारातल्या टपरीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. फोनच्या पहिल्या पडद्यावर आधीपासून बसलेल्या दुकानाचं तसंच असतं. इतरांचं दुकान हवं तर वेबसाइटवर जा, फाइल उतरवा, सेटिंग बदला, ‘हे धोकादायक असू शकतं’ ही सूचना वाचूनही पुढे जा. एवढा खटाटोप कोण करतो? या जागेचं मोल किती, ते २०२३ मध्ये अमेरिकेत एपिक गेम्स विरुद्ध गूगल खटल्यात बाहेर आलं. सॅमसंगच्या फोनवर आपलं सर्च, असिस्टंट आणि प्ले स्टोअर ठळकपणे राहावं यासाठी गूगलने चार वर्षांत ८ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केल्याची साक्ष तिथे झाली. ज्युरीने निकाल एपिकच्या बाजूने दिला.

उलटा पुरावा चीनमध्ये आहे. तिथे प्ले स्टोअर नाही. हुआवे, शाओमी, ओप्पो, विवो आपापल्या फोनवर आपापलं दुकान घालूनच विकतात आणि ती सगळी चालतात.

आता भारत. इथे शंभरातले सुमारे पंच्याण्णव फोन अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे लढत खरी प्ले स्टोअरशीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केलं. त्याचं मूळ मुंबईतलं: आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांच्या साथीदारांनी उभी केलेली इंडस ओएस ही कंपनी फोनपेने घेतली. इंग्रजीबरोबर मराठीसह बारा भारतीय भाषा, पहिलं वर्ष नोंदणी फुकट, आणि डेव्हलपरने पैसे घ्यायला बाहेरचं पेमेंट गेटवे वापरलं तर कमिशन नाही. (‘स्वदेशी’ म्हणून छाती फुगवण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं की फोनपेत सर्वात मोठा वाटा वॉलमार्टचा आहे.)

मुहूर्तही चांगला लागला. दहा दिवसांतच, १ मार्चला, शुल्काच्या वादावरून गूगलने विवाहस्थळं आणि नोकऱ्यांची काही नामांकित भारतीय ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. सरकारने मध्यस्थी केली आणि ती परत आली, पण एका कंपनीच्या हाती किती सत्ता आहे ते साऱ्यांना दिसलं. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता आणि प्ले स्टोअरमध्ये इतरांच्या दुकानांनाही जागा द्या, असं बजावलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील लवादाने दंड कायम ठेवला, पण जागेचा हा आदेश रद्द केला. इंडसच्या दृष्टीने दंडापेक्षा तो आदेश कितीतरी मोलाचा होता.

म्हणून इंडसची वाढ बारा भाषांवर ठरेल असं मला वाटत नाही. यादी मराठीत दिसली तरी उतरवलेलं ॲप बहुतेकदा इंग्रजीच निघतं. वाढ ठरेल ती फोन बनवणाऱ्यांशी होणाऱ्या करारांवर. शाओमीने भारतात स्वतःच्या गेटॲप्स या दुकानाच्या जागी इंडस आणायचं ठरवलं, ती त्याची आजवरची सर्वात मोठी कमाई. असे आणखी दोन-तीन करार झाले तर ते टिकेल. नाहीतर ॲमेझॉनची वाट ठरलेली आहे. आयफोनवर तर दारच बंद आहे. ॲपलने इतर दुकानांना वाट दिली ती युरोपात आणि जपानमध्ये, तीही कायद्याने भाग पाडल्यावर.

वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. बाहेरून ॲप घेताना दिसणाऱ्या इशाऱ्यांत गूगलचा स्वार्थ असेल, पण धोकाही खोटा नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची, फाइल येते आणि ती उघडल्यावर बँक खातं रिकामं होतं, असे प्रकार घडले आहेत. दुसरं दुकान जरूर वापरून पाहा, पण ते फोनसोबत आलेलं असावं किंवा त्याच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घेतलेलं असावं. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा.