प्रश्नावल्यांची परीक्षा : सात दशकांचा मागोवा

न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस कर्करुग्णांसाठी शून्य ते शंभर गुणांची पट्टी आखली. रुग्ण किती हिंडतो-फिरतो, स्वतःचं किती करतो, हे पाहून गुण डॉक्टरच द्यायचे.

रुग्णालाच विचारावं, हा विचार 1970 नंतर जोर धरू लागला आणि प्रश्नावल्यांचं पेव फुटलं. त्यांची पारख मात्र बहुतेकदा एकाच आकड्यावर व्हायची : ली क्रॉनबाख यांनी 1951 साली मांडलेला अल्फा. तो 0.70च्या वर गेला की प्रश्नावली विश्वासार्ह ठरली! वास्तविक, प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी कितपत जुळतात, एवढंच अल्फा सांगतो. एकच प्रश्न शब्द फिरवून पाचदा विचारला, तरी तो वाढतो.

1992 साली आलेली एसएफ-36 ही आरोग्यविषयक प्रश्नावली जगभर पसरली. मध्यम श्रमांची उदाहरणं म्हणून तिच्यात टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, गोल्फ खेळणं यांचा उल्लेख होता. ज्याने गोल्फचं मैदान कधी पाहिलंच नाही, त्या शेतमजुराने यावर काय उत्तर द्यावं?

जागतिक आरोग्य संघटनेने 1991 पासून वेगळी वाट धरली. जीवनमान मोजणारी तिची प्रश्नावली पंधरा केंद्रांत एकाच वेळी घडत गेली. त्यांत दिल्ली आणि मद्रासही होती. रुग्णांशी, सर्वसामान्यांशी गटचर्चा झाल्या आणि त्यांतून प्रश्न निघाले. शंभर प्रश्नांच्या या प्रश्नावलीची 26 प्रश्नांची छोटी आवृत्ती आज सर्वत्र वापरली जाते.

तरीही चांगली प्रश्नावली कोणती, यावर एकमत नव्हतं. ॲमस्टरडॅममधल्या लिडविन मॉकिंक, कॅरोलिन टेरवी, हेन्रिका द व्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉस्मिन’ उपक्रमात देशोदेशींच्या तज्ज्ञांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घेतली आणि 2010 मध्ये तपासणीसूची प्रसिद्ध केली. पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येतं का, जे मोजायचं तेच मोजलं जातं का, प्रकृती बदलली की गुण बदलतात का, अशा कसोट्या तिने नेमक्या केल्या. एखाद्या कसोटीचा अभ्यास तपासताना त्यातला सर्वांत कच्चा दुवा त्याचा दर्जा ठरवतो, हा तिचा कडक नियम. 2018च्या सुधारणेत आशयाची वैधता, म्हणजे प्रश्न रुग्णाच्या जगण्याशी निगडित, पुरेसे आणि समजण्याजोगे आहेत का, ही सर्वांत महत्त्वाची कसोटी मानली गेली.

मराठीत प्रश्नावली आणणाऱ्या संशोधकांनीही आकडेमोडीआधी दहा-बारा रुग्णांजवळ बसून, प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय कळलं, हे विचारावं.